धक्क्यावरचा बाप आणि आमचे भावजी

आमच्या समोरच्या दारातले पंढरीनाथ भावजी हा चांगला माणूस आहे, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते. पुढे लिहिता लिहिता मला ते आठवेलच असं नाही.

नातं तसं काही नाही. भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर आमची बिल्डिंग झाली तेव्हा आम्ही माणगावकडून आलो आणि ते, मूळचे रत्नागिरीचे, गिरगावातली खोली सोडून आले, एकाच महिन्यात. दोन दारं समोरासमोर. आमचे हे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून ते माझे भावजी झाले आणि मी त्यांची वहिनी. त्यांची बायको सुचेता माझ्याकडून तांदळाच्या भाकऱ्या थापायला शिकली, आणि बदल्यात मला रोज पेपर वाचायला बसवायची. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षरं टिकली ती तिच्यामुळे. दोन हजार एक साली ती गेली, आणि समोरच्या घरातला आवाजच गेला.

भावजी फोर्टातल्या एका विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. माणूस रिटायर झाला, पण कचेरी काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. गॅलरीत रुमाल वाळत घातला तरी चारी कोपरे सरळ. भाजीवालीला आपण म्हणतो, मेथी जून आहे गं. हे म्हणायचे, "आजच्या मेथीबाबत माझी नाराजी आहे." ती बिचारी युपीची, ती म्हणायची, "काका, लेना है के नहीं?" पोरांशीही तसंच. रसिका आणि अभिनव, दोघंही हुशार. पण शाबास हा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नाही. रिझल्ट बघून म्हणायचे, "समाधानकारक." पोरगा बोर्डात चमकला तेव्हा "अत्यंत समाधानकारक."

सुचेता गेली त्याच्या पुढच्या वर्षी अभिनवला अमेरिकेत नोकरी लागली. घरात भांडण झालं म्हणावं तर भांडणाला दोन बोलणारी माणसं लागतात. अभिनव म्हणाला, तुम्ही एकटे पडाल, मी नको जाऊ का? त्यावर एखाद्याने म्हटलं असतं, नको जाऊस. किंवा म्हटलं असतं, जा बाळा, माझी काळजी करू नकोस. हे म्हणाले, "मी कोणाला अडवत नाही." पोरगा समजायचं ते समजला.

निघायच्या दिवशी मी माझ्या दारात उभी होते. हातावर दही मीच घातलं, घरात घालणारी बाई नव्हती म्हणून. अभिनव बॅगा घेऊन जिना उतरला. लिफ्ट आमच्याकडे नाही. खालच्या वळणावर तो थांबला. उगाच बॅगेचा पट्टा सारखा केला. दुसऱ्यांदा केला. एवढा पट्टा कोणी सारखा करत नाही. त्याने वर बघितलं. भावजी दारात उभे, ओठ मिटलेले, हात मागे बांधलेले, जसा काही साहेब राउंडला आलाय. मग पोरगा गेला.

त्यानंतर दिवाळीला फोन यायचा. मला समोरच्या दारातून ऐकू यायचं. "हं. बरी आहे. तुझी? बरं. ठेवतो." झाली दिवाळी.

चार वर्षं अशी गेली. मग रसिका एकदा मीरा रोडहून आली, तिचं सासर तिकडेच, आणि बोलता बोलता म्हणाली की दादा इंटरनेटवरच्या कुठल्या तरी वाचकमंडळात आहे. दर महिन्याला एक जुनी मराठी गोष्ट घेतात आणि जगभरातली मंडळी त्यावर पत्रं लिहितात. सगळ्यांची पत्रं सगळ्यांना दिसतात. तो फार लिहितो म्हणे तिथे.

भावजींनी चहाचा कप खाली ठेवला. पुढच्या सोमवारी हा माणूस स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला गेला. विशी-बाविशीच्या पोरापोरींमध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून, सहासष्टाव्या वर्षी. अभिनवचा जुना कॉम्प्युटर घरात होता, त्यावर सुचेताने क्रोशाने विणलेला रुमाल घातलेला. तो रुमाल घडी करून कपाटात गेला, आणि फोनची वायर कॉम्प्युटरला लागली.

तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. कारण ते इंटरनेट फोनच्याच वायरीतून यायचं. आधी ते यंत्र मांजर चिरडल्यासारखं केकाटायचं, आणि एकदा जोडलं की फोन बंद. मग रसिका माझ्याकडे फोन करायची. "काकी, बाबांना सांगा ना इंटरनेट बंद करायला, तासभर लावतेय." मी आमटीखालचा गॅस बारीक करून समोर जायची आणि दार ठोकायची. दिवसातून किती वेळा गेले त्याला गणती नाही.

गेल्यावर ते मला बसवून घ्यायचे. मंडळातली पत्रं मराठीच, पण इंग्रजी अक्षरात लिहिलेली, मला ती वाचता येत नाहीत. ते मोठ्याने वाचून दाखवायचे. सुचेता गेल्यापासून त्यांनी कोणाला काही वाचून दाखवलं नव्हतं, म्हणून मीही बसायची. प्रत्येकजण पत्राखाली नाव आणि गाव लिहायचा. संजना, पुणे ही मंडळ चालवणारी. ईश्वर, नागपूर हा प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारा. अभिनव, न्यू जर्सी. आणि आता नवीन सदस्य, पंढरीनाथ, भाईंदर.

"त्याला कळलं का तुम्ही आलात ते?" मी विचारलं.

"कळलं असावं. भाईंदरात पंढरीनाथ किती असतील?"

"मग काय म्हणाला?"

"नवीन सदस्यांचे स्वागत, असं सर्वांबरोबर त्यानेही लिहिलं."

मी डोक्याला हात लावला.

आणि बाप लेकाला काय लिहायचा? "सन्माननीय सदस्य अभिनव यांच्या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे." ज्याचे लंगोट मी गॅलरीत वाळत घातलेत तो सन्माननीय सदस्य! मी म्हटलं, "भावजी, फोन उचला, मुलाशी बोला." ते म्हणाले, "वहिनी, इथे साहित्याची चर्चा चालते."

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर मंडळाने ती धक्क्यावरची गोष्ट घेतली. फार जुनी गोष्ट, लिहिणारा कधीच वारला. भावजींच्या शाळेच्या पुस्तकात होती. गोष्ट एवढीच की खाडीकाठी एक बाप, त्याचा एकुलता मुलगा बोटीवर नोकरीला निघतो. होडी धक्क्यावरून सुटते. बाप उभा राहतो, काही बोलत नाही. होडी दिसेनाशी होते, ओहोटी लागते, चिखल उघडा पडतो, तरी बाप उभाच. संपली गोष्ट. मला आवडली. पण एवढ्याशा गोष्टीवर ही माणसं महिनाभर काय बोलणार, हे मला कळेना.

बोलली हो. संजना, पुणे म्हणाली, ओहोटी म्हणजे बापाचं मन. ईश्वर, नागपूर म्हणाला, पुरावा काय? मग अभिनव, न्यू जर्सीने लिहिलं, "हा बाप दगड आहे. एक हाक मारली असती तर मुलगा उतरला असता."

भावजींनी वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. दोन बोटांनी टकटक करत त्यांनी उत्तर दिलं, "मुलाला थांबायचे होते, असे कथेत कोठेही म्हटलेले नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तर. "म्हटलं आहे. तो होडीत धक्क्याकडे तोंड करून बसला आहे."

"होडीत जागा असेल तिकडे माणूस बसतो. त्यावरून इच्छा सिद्ध होत नाही."

"चार वेळा तो गाठोडं सोडून पुन्हा बांधतो. ते कशासाठी?"

हे वाचताना भावजी अडखळले. मला जिन्यातला तो बॅगेचा पट्टा आठवला. त्यांनाही आठवलाच असणार. पण लिहिलं काय? "गाठ सैल असू शकते."

"गाठ सैल!" मी ओरडलेच. "तुम्ही वकील का नाही झालात हो? पोरगा काय विचारतोय ते कळतंय ना तुम्हाला?"

"तो गोष्टीबद्दल विचारतोय."

"आणि मी ताडदेवची महाराणी."

त्याच सुमाराला रसिकाने बातमी आणली. दादा डिसेंबरात येतोय, पंधरा दिवस. भावजींचा चेहरा एकदम उजळला. लगेच म्हणाले, पलंगाची गादी पिंजायला टाकली पाहिजे. रसिका खाली बघून म्हणाली, "बाबा, तो माझ्याकडे उतरणार आहे. भाईंदरला... बघू म्हणाला."

"बरोबर आहे," भावजी म्हणाले. "मीरा रोड सोयीचं पडतं."

भाईंदर आणि मीरा रोड! मध्ये एकही स्टेशन नाही. न्यू जर्सीहून येणाऱ्या माणसाला तेवढं अंतर गैरसोयीचं पडणार होतं. गादी मात्र त्यांनी पिंजायला दिलीच. गादी घरी परत आली, पलंगावर नवीन चादर घातली गेली, चारी कोपरे सरळ. त्या चादरीकडे बघवत नव्हतं मला.

एका संध्याकाळी मी वालाचं बिरडं घेऊन गेले. भावजी कॉम्प्युटरसमोर नुसते बसले होते. मी म्हटलं, "आज काय म्हणतायत सन्माननीय?"

"तेच. बापाने हाक का मारली नाही. एकच धोशा लावलाय." मग माझ्याकडे वळून एकदम तिरसटपणे म्हणाले, "अहो, जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची असते का? मला सांगा. आपल्याकडे मारतात? घराबाहेर पाऊल पडलं की मागून हाक नाही, कुठे निघालास म्हणून विचारायचं नाही. पोरगा समुद्रावर चाललाय, त्याला अपशकुन करायचा? तो बाप जीव मुठीत धरून गप्प उभा होता. हे ह्या शिकलेल्यांना कळत नाही."

खरं सांगते, मला त्यांचा कळवळा आला. चार वर्षं हा माणूस हे धरून बसला होता. त्या दिवशी दारात ओठ मिटून उभा होता तो पोराच्या विमानाला अपशकुन होऊ नये म्हणून! आणि पोरगा तिकडे समजतोय, बापाला माझी गरज नाही.

"मग हे लिहा ना," मी म्हटलं. "हेच लिहा त्याला."

"लिहून काय? अंधश्रद्धा म्हणतील."

पण तेवढ्यात माझ्या सासूबाई माझ्या डोळ्यांपुढे आल्या. आणि माझा कळवळा जिथल्या तिथे थांबला.

"भावजी," मी म्हटलं, "आमच्या माणगावला मामंजी एकदा कोर्टाच्या कामाला निघाले आणि चष्मा घरी विसरले. सासूबाईंनी अंगणातून हाक मारली, चांगली खणखणीत. ते शिव्या देत परत आले. सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, तांब्याभर पाणी पाजलं, आणि मग पुन्हा निघा म्हणाल्या. एस.टी. चुकली. पण माणूस पुढे वीस वर्षं जगला आणि केसही जिंकला. मागून हाक मारली तर माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, की अपशकुन फिटतो. हे तुमच्याकडे रत्नागिरीत नाही का?"

ते कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसायला लागले.

"आहे ना? सुचेता तर तुम्हाला दर दोन दिवसांनी डब्यासाठी जिन्यातून परत बोलवायची आणि पाणी पाजायची. बिल्डिंगला नळाचं पाणी एक दिवसाआड, तरी तुमचा तांब्या दाराशी भरलेला असायचा. मग त्या दिवशी हाक मारली नाहीत ती अपशकुनासाठी, की ताठ्यासाठी?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही जा वहिनी," ते म्हणाले.

मी गेले. बिरड्याचं भांडंही उचलून आणलं, एवढा मला राग आला होता. सून म्हणाली, "आई, त्यांनी आता जेवायचं काय?" मी म्हटलं, "ताठा खाऊ दे. भरपूर आहे घरात." रात्री तिच्याच हाती पाठवलं ते वेगळं.

दोन दिवस समोरचं दार बंद. तिसऱ्या दिवशी रविवार, दिवेलागणीच्या सुमाराला दारावर टकटक झाली.

"वहिनी, जरा येता का? एक मजकूर तयार केलाय."

मजकूर! मी हात पुसत गेले. ते वाचायला लागले, आणि त्यांचा तो कचेरीतला आवाज त्या दिवशी काही लागेना.

"धक्क्यावरच्या बापाने हाक मारली नाही, कारण जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत. हे अर्धे खरे आहे. हाक मारून, बसवून, पाणी देऊन पुन्हा पाठवता येते, हेही त्याला माहीत होते. तांब्या दाराशी भरलेला होता. मुलगा वळणावर थांबला होता, हे त्याने पाहिले होते. पंढरीनाथ, भाईंदर."

मी पदर डोळ्यांना लावला.

"पाठवू?" ते म्हणाले.

"नाही, लोणचं घाला त्याचं! पाठवा हो!"

पाठवलं. आणि मग आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत बसलो. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ, पोरगा उठलेला असणार. नवीन पत्र आलं का बघायचं बटण ते सारखं दाबत होते. पहिलं उत्तर आलं तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले. उत्तर होतं ईश्वर, नागपूरचं. "कथेत तांब्या कोठे आहे? कृपया परिच्छेद सांगावा."

"मेल्याच्या डोक्यात घाला तांब्या," मी म्हटलं.

दुसरं उत्तर संजना, पुण्याचं. तांब्याची प्रतिमा तिला फार आवडली होती. पाणी आणि समुद्र यांचा संबंध तिने जोडून दाखवला होता, चांगला लांबलचक. भावजींनी तेही सगळं वाचलं. सवय! मी म्हटलं, "अहो, पुढचं बघा."

पुढचं काही नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. भावजी हळूहळू खुर्चीत खाली घसरत चालले. म्हणाले, "रविवार आहे. बाहेर गेला असेल." मग म्हणाले, "काही चुकलं नाही ना माझं लिहिताना?" एवढ्या वर्षांत या माणसाने कोणाला हे विचारलेलं मला आठवत नाही.

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली. त्यांनी वाचली, पण मला वाचून दाखवली नाही. मी दंडाला हात लावून हलवलं. "काय म्हणतोय?"

"बाबा," ते म्हणाले. आणि थांबले. मग पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. "बाबा, इंटरनेट बंद करा. अर्धा तास फोन लावतोय, एंगेज लागतोय. अभिनव."

नाव होतं, गाव नव्हतं. जगभरातल्या सगळ्या मंडळीसमोर पोराने बाबा लिहिलं होतं.

आणि आमचे भावजी काय करत होते? तो बाण घेऊन एकेक खिडकी पद्धतशीर बंद करत होते! क्लासमध्ये तसं शिकवलं होतं म्हणे. आधी हे बंद, मग ते बंद, मग खात्री आहे का म्हणून यंत्र विचारणार, मग हो. माझा धीर सुटला. मी टेबलाखाली वाकले आणि भिंतीतली वायरच ओढून काढली.

"अहो वहिनी, असं नाही करायचं!"

"गप्प बसा. आता ही फोनला कशी लावायची ते बघा."

वायर फोनला लावली मात्र, घंटा वाजली. त्यांनी रिसीव्हर उचलला. मी जायला हवं होतं, पण माझे पाय काही हलले नाहीत. चार वर्षांचं साठलेलं, एवढी पानंच्या पानं चर्चा, होडी, धक्का, ओहोटी. आता हा माणूस काय बोलतो ते तरी ऐकू म्हटलं.

"हं," भावजी म्हणाले. बराच वेळ ऐकलं. "हं. हो. ... हो रे." मग घसा खाकरून म्हणाले, "नाश्ता केलास का?"

बस. एवढंच. मी घरी येऊन दार लावून घेतलं आणि सुनेला म्हटलं, मला चहा दे, आणि आज मला कोणी पुस्तकाचं काही बोलू नका.

नंतर कळलं की आम्ही वायर ओढल्यावर संजना, पुणे हिचं पत्र आलं होतं. सदस्यांनी चर्चा विषयाला धरूनच करावी, ही विनंती.

अभिनव डिसेंबरात आला आणि भाईंदरलाच उतरला, त्या पिंजलेल्या गादीवर झोपला. दोघं फार काही बोलले असतील असं मला वाटत नाही. सकाळी एकाने पेपर वाचायचा, दुसऱ्याने त्यातलं पहिलं पान मागायचं. सुचेताचा क्रोशाचा रुमाल कपाटातून निघून पुन्हा कॉम्प्युटरवर आला, कारण घरातला माणूस समोर असताना यंत्र कशाला हवं. एकदा मी भाकऱ्या नेल्या तर दोघं त्या धक्क्यावरच्या गोष्टीवरूनच हमरीतुमरीवर आलेले. गाठ सैल होती की नव्हती! मी भाकऱ्या ठेवल्या आणि उलट पावली परत फिरले.

जायच्या दिवशी पुन्हा मी दही घातलं. पुन्हा तो बॅगा घेऊन जिना उतरला. खाली टॅक्सी उभी, रसिका आधीच आत बसलेली. वळणावर अभिनवने वर बघितलं नाही. बहुतेक मुद्दामच, बापाला अवघड नको म्हणून. तो पुढची पायरी उतरला, आणि माझ्या कानाशी केवढ्याने तरी आवाज आला.

"अभिनव!"

मी दचकले. खालच्या मजल्यावरचा मारवाडी दार उघडून बाहेर आला. अभिनव दोन दोन पायऱ्या चढत वर. "काय झालं बाबा? काय विसरलं?"

"काही नाही," भावजी म्हणाले. "बस. उंबऱ्यावर नको, आत बस. पाणी पी."

तांब्या तयारच होता. पोराने बापाकडे बघितलं, आत जाऊन पाटावर बसला, आणि गटागटा पाणी प्यायला. माझ्याने बघवेना, मी जिन्याच्या जाळीतून खाली बघत राहिले. मग तो पाया पडला, पुन्हा उतरला, टॅक्सीचं दार उघडलं. आणि भावजी गॅलरीत!

"अभिनव!"

"अरे काका," टॅक्सीवाला खालून ओरडला, "प्लेन आपके लिए रुकेगा क्या?"

पोरगा हसत हसत तीन मजले चढून पुन्हा वर आला, पुन्हा बसला, पुन्हा पाणी प्यायला. रसिका खालून दोघांच्या नावाने शंख करत होती. मी म्हटलं, "भावजी, पुरे आता, त्या पोराला विमानात किती वेळा उठायला लावणार?" त्यांचं लक्षच नव्हतं माझ्याकडे.

टॅक्सी सुरू झाली. फाटकापर्यंत गेली. भावजी गॅलरीच्या कठड्यावर वाकले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. मी तांब्या उचलला आणि सरळ माझ्या घरी घेऊन आले.